पाठीवर कवच, जिवाला घोर

कासव पाळणाऱ्या माणसाला लोक सुखी समजतात. कुत्रा भुंकतो, मांजर ओरबाडते, पोपट पाहुण्यांसमोर नको ते बोलतो. कासव यांपैकी काहीच करत नाही, आणि शिवाय त्याला कवच असते, मग त्याला होणार तरी काय, असा सगळ्यांचा बिनतोड युक्तिवाद असतो. आमच्या घरातील आबासाहेब हे सुल्काटा जातीचे, सर्व परवाने आणि कागदपत्रांसह आलेले आफ्रिकी कासव आहे, आणि त्यांच्या सहवासात मला कळून चुकले आहे की कवच आहे हीच खरी अडचण आहे. इतर प्राण्यांचे दुखणे डोळ्यांत, नाकात किंवा शेपटीत दिसते. आबासाहेबांचे पुष्कळसे दुखणे कवचावर उमटते, आणि तेही इतक्या सावकाश की आज दिसणारी खूण ही कित्येक महिन्यांपूर्वीच्या गैरसोयीबद्दलची तक्रार असते.

कवच म्हणजे अंगावर चढवलेला निर्जीव टोप, हा समज तर मी आता सोडून दिला आहे. कासवाचा कणा आणि फासळ्या त्या कवचातच एकजीव झालेल्या असतात. वर नखांसारख्याच केराटिनची शल्के, म्हणजे कठीण खवले, खाली जिवंत हाड, आणि त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू. आमच्या आत्यांना हे पटत नव्हते. मी मऊ ब्रश घेऊन आबासाहेबांच्या पाठीच्या मागच्या कडेवरून हलकेच फिरवला, तेव्हा त्यांनी मागचे पाय ताठ केले, पार्श्वभाग उचलला आणि डावीकडून उजवीकडे असा काही झुलवला की आत्यांनी पदराने तोंड झाकून घेतले. “अरे, ह्याला तर गुदगुल्या होतात!” असे म्हणून त्यांनी कवचात संवेदना असल्याचे मान्य केले, मात्र नातवंडांसमोर तो प्रयोग पुन्हा करू नये, अशी सूचनाही दिली.

तर अशा या सजीव वास्तूची पाहणी मी दर रविवारी करतो. पाहणीचा पहिला भाग भीतीचा असतो, कारण नवशिक्याला कवचावरची प्रत्येक रेघ भेग वाटते. दोन शल्कांच्या मधे फिकट, पांढुरकी पट्टी दिसली की घरात धावपळ होते. प्रत्यक्षात ती बहुधा नव्या वाढीची खूण असते आणि अभिनंदनास पात्र असते. शल्कांवरची वर्तुळे मोजून वय काढण्याचा छंद आमच्या भाऊजींना आहे, पण चांगल्या खाण्याच्या काळात एकाच वर्षात एकाहून अधिक वर्तुळे उमटू शकत असल्यामुळे त्यांच्या हिशेबाने आबासाहेब कधी माझ्या लग्नाला हजर असतात, तर कधी वडिलांच्या.

दुसरा भाग दाबून पाहण्याचा. अगदी लहान पिलाचे कवच बोटाखाली किंचित लवते, ते स्वाभाविक आहे. वाढलेल्या कासवाचे लवू लागले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. शरीराला कॅल्शियम कमी पडले, की ते हाडांतून उचलले जाते, आणि कासवाचे सर्वांत मोठे हाडांचे कोठार पाठीवर आणि पोटावरच असते. नुसते कॅल्शियम चारून भागत नाही. ते अंगी लागायला ड-३ जीवनसत्त्व हवे, आणि ते अंगात तयार व्हायला अतिनील-ब किरण हवेत. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत, त्यामुळे काचेमागे उन्हात बसलेले कासव ऊब तेवढी खाते. घरात हे किरण पुरवणाऱ्या दिव्याच्या खास नळीची गोष्ट आणखी न्यारी आहे. काही महिन्यांनी तिच्यातील अतिनील किरण ओसरतात, पण दिसणारा प्रकाश तसाच राहतो. म्हणजे ती नुसता उजेड पाडत राहते. बनावटीप्रमाणे सहा ते बारा महिन्यांत ती बदलावी लागते, आणि चांगला जळता दिवा काढून तसाच दुसरा का लावायचा, हे घरातील काटकसरी मंडळींना समजावताना माझी सगळी जीवनसत्त्वे खर्ची पडतात.

पण माझी झोप खऱ्या अर्थाने उडवली ती ओलाव्याने. सुल्काटा हा सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातला प्राणी, तेव्हा त्याला कोरडे ठेवावे, हे शहाणपण ऐकायला बरे वाटते. प्रत्यक्षात तो तिथे दिवसाचा बराच भाग खोल बिळात, बाहेरच्यापेक्षा दमट हवेत काढतो. 2003 साली वीस्नर आणि इबेन या संशोधकांनी याच जातीच्या पिलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा शल्के उंचावून पाठीवर पिरॅमिड उभे राहण्यात आहारातील प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा वाटा कितीतरी मोठा असल्याचे दिसून आले. एकदा उठलेला पिरॅमिड खाली बसत नाही. परिस्थिती सुधारली, तर त्याच्या कडेने येणारी नवी वाढ तेवढी सपाट येते. म्हणून हवा दमट ठेवावी. पण खालची माती सतत ओली राहिली, तर पोटाकडचे कवच कुजते. म्हणजे हवा दमट, माती कोरडीसर, बीळ ओलसर, तळ उबदार आणि मालक शांत, असा हा बेत आहे. यांपैकी शेवटची अट मला आजवर साधलेली नाही. आर्द्रतामापकाकडे मी ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने मी परीक्षेच्या निकालाकडेही पाहिले नव्हते.

‘पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका’ ही विनवणी जंतू ऐकत नाहीत. कवच कुजण्याची सुरुवात अनेकदा पोटाकडून होते आणि ती पाहायला कासव उचलून तिरके करावे लागते. हे काम सावकाश आणि थोडक्यात उरकायचे असते, कारण उताणे राहणे कासवाला मानवत नाही. आणि आबासाहेब हा निषेध तोंडी न नोंदवता मूत्राद्वारे नोंदवतात. रविवारचा माझा सदरा म्हणूनच वेगळा ठेवलेला आहे. एका रविवारी पोटाच्या मधल्या जोडाजवळ मसुराएवढा खळगा दिसला. कडा पांढरट, मध्यभाग मऊ. खात्री करण्यासाठी वास घेणे भाग होते, आणि कासवाच्या पोटाला नाक लावून मी डोळे मिटले असतानाच सोसायटीचे सेक्रेटरी वर्गणीसाठी दारात उभे राहिले. ते काही बोलले नाहीत. वर्गणी न घेताच गेले.

वास येत होता. बातमी घरात फुटताच सल्ल्यांचा पूर आला. कोणी हळद सुचवली, कोणी खोबरेल तेल, तर भाऊजींनी खळगा डिंकाने बुजवून वर वॉर्निश मारण्याची योजना मांडली. बुजवलेल्या खळग्यात जंतू आतल्या आत सुखाने नांदतात, तेलावर मळ साचतो आणि रंगातील द्रावके कासवाला बाधू शकतात, हे सांगता सांगता मी आबासाहेबांना हवेशीर खोक्यात घालून डॉक्टर गाठले. कवचाला तडा गेला, तरी नियम हाच: घरचा गोंद नको, रक्त येत असल्यास स्वच्छ कापडाने हलका दाब, माश्या बसू द्यायच्या नाहीत आणि थेट दवाखाना. पोटावर लालसर छटा पसरलेली दिसली किंवा कासव मलूल होऊन खाणे सोडू लागले, तर संसर्ग रक्तात गेल्याची शंका घ्यावी लागते. तेव्हा रविवारची वाट पाहू नये.

डॉक्टरांनी खळगा खरवडला, नमुना तपासणीला घेतला, पातळ केलेल्या जंतुनाशकाने रोज धुण्यास सांगितले आणि कासवाला स्वच्छ, कोरड्या कापडावर ठेवण्याचे फर्मावले. “किती दिवसांत भरेल?” असे मी विचारले. “कासवाला विचारा,” ते म्हणाले, आणि मग दया येऊन त्यांनी सांगितले की हाडापर्यंत गेलेली जखम भरायला अनेक महिने लागतात, ही तर वरवरची आहे. जखमेची प्रगती डोळ्यांना कळत नसल्यामुळे त्यांनी शेजारी मोजपट्टी ठेवून, एकाच अंतरावरून फोटो काढायला लावले. परिणामी माझ्या फोनमध्ये आता कुटुंबीयांपेक्षा आबासाहेबांच्या पोटाचे फोटो अधिक आहेत, आणि एका लग्नात मोठ्या कौतुकाने फोन पुढे करणाऱ्या मावशींना भाचीच्या फोटोनंतर तेच पाहावे लागले.

फोटोंबरोबर वजनाची नोंदही हवी असते, कारण कवचाआड आटलेले अंग नजरेला दिसत नाही. काटा जमिनीवर ठेवला, तर आकडा स्थिर होण्यापूर्वीच आबासाहेब त्यावरून चालते होतात. आयुष्यात त्यांना घाई असते ती एवढीच. म्हणून काट्यावर वाडगे पालथे घालून, पाय टेकणार नाहीत अशा बेताने त्यांना त्यावर बसवायचे. ते चारही पायांनी हवा वल्हवत राहतात, आकडा नाचत राहतो, आणि मी वाकून त्यातला सर्वांत विश्वासार्ह वाटणारा निवडून वहीत लिहितो.