हिटलर, लिप्पे आणि ३९ हजार मतं

आज पुन्हा तो फॉरवर्ड आला. "हिटलरही लोकशाही मार्गानेच निवडून आला होता, लोकांनीच त्याला डोक्यावर घेतलं." खाली अंगठ्यांची रांग. अंगठे देणारे कोण, तर एरवी कुठल्याही गोष्टीला "सोर्स काय?" म्हणून विचारणारी आपलीच मंडळी. राग त्याचा जास्त आला. पोस्ट लांब आहे, वेळ असेल तरच वाचा.

आधी आकडे. वाइमार जर्मनीत (म्हणजे १९१९ ते १९३३चं जर्मन प्रजासत्ताक) ६० हजार मतांमागे एक खासदार, असा सरळ हिशेब होता. मतदान वाढलं की सभागृहही वाढायचं, म्हणून राईशस्टागची, म्हणजे तिथल्या संसदेची, सदस्यसंख्या दर वेळी वेगळी दिसते. मे १९२८ला नाझींना २.६ टक्के, ४९१ पैकी १२ जागा. सप्टेंबर १९३०ला १८.३ टक्के, ५७७ पैकी १०७. जुलै १९३२ला ३७.३ टक्के, ६०८ पैकी २३०. खुल्या निवडणुकीतला हा त्यांचा सगळ्यात मोठा आकडा. नोव्हेंबर १९३२ला ३३.१ टक्के, ५८४ पैकी १९६. म्हणजे जुलै ते नोव्हेंबर वीस लाख मतं गळाली! त्याआधी एप्रिलमध्ये अध्यक्षपदासाठी हिटलर थेट विद्यमान अध्यक्ष हिंडेनबर्गसमोर उभा राहिला, तेव्हा हिंडेनबर्गला ५३ टक्के आणि याला ३६.८. यातलं बहुमत कुठलं, ते मला दाखवा.

आता लिप्पे. डेटमोल्ड राजधानी असलेलं चिमुकलं राज्य, मतदार लाखाच्या आसपास. १५ जानेवारी १९३३ला तिथे विधानसभेची निवडणूक होती. नाझींची अवस्था तेव्हा वाईट. तिजोरी रिकामी, आणि ८ डिसेंबरला पक्षसंघटना बांधणारा ग्रेगर स्ट्रासर राजीनामा देऊन बाजूला झालेला. आपल्याकडे झेडपीचा एक गट जिंकायला अख्खं मंत्रिमंडळ उतरवतात, तसे हे लोक त्या एवढ्याशा राज्यात उतरले. हिटलरने स्वतः दहा-बारा दिवसांत पंधरावर सभा घेतल्या, त्याही छोट्या छोट्या गावांत. मिळालं काय? ३९.५ टक्के, २१ पैकी ९ जागा, साधारण ३९ हजार मतं. जुलैत याच लिप्पेत त्यांना ४२ हजारांवर मिळाली होती. पण पक्षाच्या पेपरांनी "लाट परत आली" म्हणून असा डंका पिटला की बर्लिनमधल्या शहाण्यांनाही ते खरं वाटलं. की त्यांना खरं वाटून घ्यायचंच होतं? मला दुसरंच वाटतं.

कारण ४ जानेवारीला, लिप्पेतली पहिली सभा ज्या दिवशी झाली त्याच दिवशी, हिटलर आधी कोलोनला जाऊन आला होता. बँकर कुर्ट फॉन श्रोडरच्या घरी. समोर कोण, तर माजी चॅन्सेलर (म्हणजे पंतप्रधान) फ्रान्झ फॉन पापेन. डिसेंबरात चॅन्सेलर झालेल्या श्लायखरने आपली खुर्ची घेतली याने हा माणूस जळत होता, आणि त्याला म्हाताऱ्या हिंडेनबर्गच्या घरात थेट प्रवेश होता. हिटलरला सत्तेत आणायचा सौदा त्या बैठकीत सुरू झाला. लिप्पेतल्या मतपेट्या तेव्हा उघडायच्याच होत्या.

आता कुणी म्हणेल, पण सगळ्यात मोठा पक्ष तर तोच होता ना? होता. जुलैत १ कोटी ३७ लाख लोकांनी त्यांना मत दिलं, हे मी नाकारत नाही.

पण मुळात ८५ वर्षांच्या एका माणसाच्या मर्जीवर चॅन्सेलर ठरतो, इथवर गाडी आली कशी? ही यंत्रणा समजून घ्या, सगळी गोम तिथे आहे. घटनेतली तीन कलमं. कलम ४८: सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात असेल तर अध्यक्ष वटहुकूम काढू शकतो. राईशस्टागला तो साध्या बहुमताने रद्द करता येतो. कलम २५: अध्यक्ष राईशस्टाग बरखास्त करू शकतो, मग साठ दिवसांत निवडणूक. कलम ५३: चॅन्सेलर नेमायचा आणि काढायचा अधिकार अध्यक्षाचा. प्रत्येक कलम सुटं वाचलं तर ठीक वाटतं. तिन्ही ओळीने वापरा. बहुमत नसलेला चॅन्सेलर नेमा, त्याचं विधेयक पडलं की तेच वटहुकुमाने आणा, सभागृहाने वटहुकूम रद्द केला की सभागृहच बरखास्त करा. संसदेशिवाय राज्य चालतं, आणि कागदावर सगळं घटनेला धरून! (ऑगस्ट १९४९ला आपल्या घटना समितीत आणीबाणीच्या तरतुदींवर चर्चा चालू होती, तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य ह. वि. कामत यांनी याच वाइमारच्या घटनेकडे बोट दाखवलं होतं. ते भाषण शोधून वाचा.)

आणि हे हिटलरने सुरू केलेलं नाही. मार्च १९३०मध्ये चॅन्सेलर हर्मान म्युलरचं पाच पक्षांचं सरकार पडलं. कशावरून? बेकारी विम्याची वर्गणी साडेतीन टक्क्यांवरून चार करायची की नाही, यावरून. अर्ध्या टक्क्यासाठी! हिटलरआधीचं बहुमत असलेलं ते शेवटचं सरकार. मग ब्र्यूनिंग चॅन्सेलर झाला. जुलैत त्याचं अर्थविधेयक पडलं, त्याने तेच वटहुकुमाने आणलं, राईशस्टागने १८ जुलैला ते रद्द केलं, त्याच दिवशी सभागृह बरखास्त. सप्टेंबरच्या निवडणुकीत १२चे १०७ झाले ते असे. मुदत १९३२पर्यंत होती, मंदी चढत होती, आणि या गृहस्थाने मधेच निवडणूक लादली. १९३०मध्ये राईशस्टाग ९४ दिवस बसलं, १९३२मध्ये १३ दिवस. १९३०मध्ये ९८ कायदे सभागृहाने केले, १९३२मध्ये ५. त्या वर्षी वटहुकूम मात्र साठेक. पहिला अध्यक्ष एबर्ट यानेही कलम ४८ शंभरावर वेळा वापरलं होतं, बरोबर आहे. पण त्याच्यावर सशस्त्र उठाव चालून आले होते. ब्र्यूनिंगला फक्त बजेट पास करायचं होतं.

मत देणाऱ्यांबद्दल मी इतका कडक बोलणार नाही. १९३२च्या सुरुवातीला नोंदणीकृत बेकारच साठ लाखांच्या वर होते, आणि ब्र्यूनिंग पगार नि भत्ते कापत सुटला होता. गंमत म्हणजे खुद्द बेकार कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे गेले. नाझींना भरभरून मतं दिली ती उत्तरेकडच्या प्रॉटेस्टंट खेड्यांनी आणि लहान गावांनी, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी, दुकान हातचं जाईल या धास्तीतल्या व्यापाऱ्यांनी. लिप्पे हे बरंचसं असंच राज्य, म्हणून तर तिथे एवढा जोर लावला. ज्यांच्या घरावर जप्ती येते ते चुकीच्या माणसामागे जातात, हे आपण इथेही पाहतो. त्यांची कीव येते. ज्यांचं काहीच बुडत नव्हतं, त्यांचं काय?

उदाहरणार्थ पापेन. याच्याबद्दल सभ्य भाषेत लिहिणं अवघड आहे. जून १९३२ला चॅन्सेलर झाल्या झाल्या त्याने तपकिरी शर्टवाल्या एसएवरची (नाझींचं खासगी दल) बंदी उठवली. १७ जुलैला आल्टोनात नाझींच्या मोर्चात १८ माणसं मेली. त्याचं निमित्त करून २० जुलैला या माणसाने कलम ४८ वापरून प्रशियाचं सरकारच बरखास्त केलं. प्रशिया म्हणजे जर्मनीचा तीन पंचमांश भाग, आणि देशातलं सगळ्यात मोठं पोलीस दल. समाजवाद्यांच्या हातातला शेवटचा किल्ला एका सकाळीत गेला. ते कोर्टात गेले, रस्त्यावर उतरले नाहीत. आणि कम्युनिस्ट? त्यांच्या लेखी समाजवादीच मुख्य शत्रू. नोव्हेंबरात बर्लिनच्या वाहतूक संपात ते नाझींच्या शेजारी उभे होते. डाव्या मित्रांनो, हेही लक्षात असू द्या. सप्टेंबरात याच पापेनविरुद्ध राईशस्टागने अविश्वास ठराव ५१२ विरुद्ध ४२ असा पास केला. अख्ख्या सभागृहात ४२! आणि चार महिन्यांनी हाच माणूस देशाचा चॅन्सेलर ठरवत होता.

३० जानेवारी १९३३. हिंडेनबर्गने हिटलरला चॅन्सेलर नेमलं. मंत्रिमंडळ अकरा जणांचं, नाझी फक्त तीन: हिटलर, फ्रिक, ग्योरिंग. उपचॅन्सेलर पापेन, अर्थ आणि शेती राष्ट्रवादी पक्षाच्या हुगेनबर्गकडे. आठ विरुद्ध तीन, आपण याला कोपऱ्यात दाबून ठेवू, असा यांचा हिशेब. खाती कुठली दिली ते मात्र बघा. फ्रिककडे केंद्राचं गृहखातं, ग्योरिंगकडे प्रशियाचं. म्हणजे पोलीस. लिप्पेच्या मतदारांनी यातलं काय ठरवलं होतं?

मार्च १९३३च्या निवडणुकीत नाझींना मिळालेल्या ४३.९ टक्क्यांबद्दल कमेंटमध्ये येणारच, तर ते इथेच घ्या. २२ फेब्रुवारीला ग्योरिंगने एसए, एसएस (नाझींचंच दुसरं दल) आणि श्टालहेल्म या माजी सैनिकांच्या संघटनेच्या ५० हजार माणसांना सहायक पोलीस केलं. २७च्या रात्री राईशस्टाग जळलं. २८ला वटहुकूम, पुन्हा कलम ४८, आणि भाषण, सभा, वृत्तपत्र, टपालाची गुप्तता, सगळे हक्क स्थगित. कम्युनिस्ट उमेदवार तुरुंगात किंवा भूमिगत. एवढं करून ५ मार्चला ४३.९. तेव्हाही बहुमत नाही! ६४७ पैकी २८८, हुगेनबर्गचे ५२ धरले तेव्हा कुठे आकडा जुळला.

२३ मार्चला क्रोल ऑपेराच्या इमारतीत अधिकारदान कायदा आला, म्हणजे संसदेशिवाय कायदे करायची मुभा सरकारला देणारा. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश सदस्य हजर हवेत, म्हणजे ४३२, आणि हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश बाजूने. ८१ कम्युनिस्टांना येऊच दिलं नाही. समाजवादी आणि कॅथलिक सेंटर पक्ष दोघेही बाहेर बसले असते तर गणसंख्याच भरली नसती. म्हणून ग्योरिंगने आधी नियम बदलून घेतला: परवानगीशिवाय गैरहजर असलेला सदस्य हजर धरायचा. दारात आणि सभागृहात एसएवाले उभे. समाजवाद्यांचे १२० पैकी ९४ पोचू शकले, त्यांचा नेता ओटो वेल्स त्या गर्दीसमोर उभा राहून विरोधात बोलला, आणि ९४च्या ९४ विरोधात गेले. सेंटर पक्षाचा नेता कास याला हिटलरने लेखी हमीचं पत्र द्यायचं कबूल केलं होतं. मतदानाची वेळ आली तरी पत्र आलं नव्हतं. त्यांनी बाजूने मत दिलं. ४४४ विरुद्ध ९४. एप्रिलमध्ये कास रोमला गेला तो परतलाच नाही, ५ जुलैला त्याच्या पक्षाने स्वतःला विसर्जित केलं, आणि १४ जुलैला एकच पक्ष राहील असा कायदा झाला. ते पत्र कधीच आलं नाही.