कोड गिटहबवर टाकला म्हणजे लायब्ररी झाली?

गोव्यातल्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लायब्ररी (म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड) लिहिणं हेच खरं काम, पॅकेजिंग, म्हणजे ती इतरांना इन्स्टॉल करता येईल अशी बांधणं, पाच मिनिटांचं. चुकलं तर डिलीट करून परत चढवा. लायसन्सची भानगड कंपन्यांसाठी. आणि कोड गिटहबसारख्या साइटवर सगळ्यांसमोर असल्यामुळे लबाडीला जागाच नाही. पणजी-पर्वरीत नोकरी करणारी जाणती माणसंही तो पुढे पाठवतायत, म्हणून हे लिहितोय.

पाच मिनिटांचं म्हणाल तर मान्य. पायपीआयवर, म्हणजे पायथन भाषेतल्या पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर, पॅकेज चढवायला खरं तर तेवढीही लागत नाहीत. प्रश्न आहे नेमकं काय चढलं याचा. समजा, कुणी गोव्यातल्या तालुक्यांची आणि गावांची देवनागरी नावं देणारी पायथन लायब्ररी लिहिली. नावं एका जेसन फायलीत, म्हणजे डेटाच्या साध्या मजकूर फायलीत. स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत, कारण ‘एडिटेबल’ इन्स्टॉल केलं की पायथन थेट तुमच्या फोल्डरमधूनच वाचतो. मडगावच्या मित्राने इन्स्टॉल केलं तर फाइल सापडत नाही म्हणून एरर. का? पॅकेज बांधणारं सेटअपटूल्स पायथनच्या फायली आपसूक उचलतं, डेटाच्या फायली वेगळ्या सांगाव्या लागतात. व्हील, म्हणजे बांधून तयार झालेलं पॅकेज, शेवटी एक झिपच. चढवण्याआधी ती उघडून आत काय आहे ते बघा आणि कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (आधीचं काहीच नसलेल्या वेगळ्या पायथनमध्ये) इन्स्टॉल करून चालवा. फाइल पोचली तरी गंमत संपत नाही. उघडताना यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवण्याची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) स्पष्ट सांगितलं नसेल, तर विंडोजवर पायथन आजवर सिस्टिमचं एन्कोडिंग धरत आलाय, आणि ‘काणकोण’च्या जागी कचरा दिसतो नाहीतर प्रोग्राम तिथेच कोसळतो. लिनक्सवर काम करणाऱ्याला याचा पत्ताच नसतो.

‘डिलीट करून परत चढवा’ हे तर सरळ चुकीचं. पायपीआयवर एकदा वापरलेलं फाइलचं नाव डिलीट केल्यावरही पुन्हा मिळत नाही. व्हर्जन १.०.० बिघडलं तर १.०.१ काढायचं आणि बिघडलेलं ‘यँक’ करायचं. यँक केलेलं नव्या लोकांना आपोआप मिळत नाही, पण ज्यांनी नेमकं तेच व्हर्जन बांधून ठेवलंय त्यांचं काम अडत नाही. ही सोय उगाच नाही. मार्च २०१६ मध्ये एका डेव्हलपरने नावावरून झालेल्या वादात आपली पॅकेजं एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्टच्या अशाच भांडारावरून, काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड नावाचं अवघं ११ ओळींचं पॅकेज होतं. त्यावर विसंबलेल्या जगभरच्या प्रोग्रामांचे बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधणं) धडाधड कोसळले आणि एनपीएमला ते स्वतःहून परत ठेवावं लागलं. त्यानंतर नियम आवळले. आता ७२ तास उलटले की पॅकेज काढून घेणं सोपं राहत नाही.

लायसन्सचं दोन ओळींत संपतं. लायसन्स नसेल तर कायद्याने सगळे हक्क तुमचेच राहतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीतच मोडतो. म्हणजे गिटहबवर लोक तो बघतील, तिथल्या तिथे फोर्क (स्वतःची प्रत) करतील, पण आपल्या प्रॉडक्टमध्ये घालायची परवानगी त्यांना मिळालेलीच नसते. ‘एमआयटी’ या सुटसुटीत, मोकळ्या लायसन्सची फाइल टाका आणि मोकळे व्हा.

राहिलं ‘कोड समोर आहे, लबाडी कशी होणार’. इथे घाई करून चालणार नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत मागचं दार (बॅकडोअर, म्हणजे चोरून आत शिरायची वाट) सापडलं. ते बसवणाऱ्याने आधी दोनेक वर्षं गुपचूप चांगलं काम करून मेंटेनरचा, म्हणजे ती लायब्ररी सांभाळणाऱ्याचा, विश्वास कमावला होता. विषारी भाग टेस्टच्या बायनरी फायलींच्या वेषात रेपोत, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या गिटमधल्या कोडच्या साठ्यात, पडून होता. पण तो बिल्डमध्ये शिरवणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठी बांधलेल्या गठ्ठ्यात) होती. रेपो डोळ्यात तेल घालून वाचणाऱ्यालाही ती दिसली नसती. पकडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिन (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरणं) साधारण अर्धा सेकंद जास्त घेतंय असं जाणवलं आणि तो हात धुऊन मागे लागला. समोर असतो तो रेपो, लोक इन्स्टॉल करतात ते पॅकेज, आणि दोन्ही एकच असल्याची हमी आपसूक मिळत नाही. म्हणून आपल्या लॅपटॉपवरून हाताने चढवण्यापेक्षा पायपीआयचं २०२३ पासूनचं ‘ट्रस्टेड पब्लिशिंग’ लावा. त्यात गिटहबवरच्या वर्कफ्लोमधून (तिथेच आपोआप चालणाऱ्या कामांतून) पॅकेज थेट चढतं आणि पासवर्डसारखा कायमचा टोकन कुठे पडून राहत नाही.

आणखी एक, ज्याचा फॉरवर्डमध्ये उल्लेखच नाही: व्हर्जनचा आकडा. रूढ पद्धतीत १.०.० मधला शेवटचा आकडा किरकोळ दुरुस्तीला (पॅच) वाढवतात, पहिला वापरणाऱ्यांचं काम मोडेल अशा बदलाला. सांग्यातली गावं घेऊन धारबांदोडा तालुका झाला आणि ११ चे १२ तालुके झाले. कोडची एक ओळ बदलली नाही, नुसता डेटा बदलला, म्हणून पॅच? पण कुणीतरी ११ नावांची यादी (ॲरे) गृहीत धरलेली असते, कुणीतरी ‘कुळे’ सांग्यात शोधत असतं. त्यांच्यासाठी हा मोडणारा बदल आहे, तेव्हा मी तरी पहिला आकडा वाढवेन आणि चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) गावांची नावं लिहीन. फक्त असला रिलीज चवथीच्या आदल्या दिवशी काढू नका, तक्रारी बघायला कुणी जागेवर नसतं.