सीआरपी नॉर्मल आली म्हणून लकव्याच्या गोळ्या बंद करायच्या नसतात

गावच्या ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय. लकव्याचं मूळ रक्तातली सूज, म्हणून सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, करून घ्या. नॉर्मल आली तर नसा साफ, गोळ्या बंद. वाढली तर जवस-हळदीचा काढा घ्या. झटका आलाच तर दहाही बोटं सुईने टोचून रक्त काढा.

एरवी सोडून दिला असता, पण तो आत्याच्या घरी पोचला. दिवाळीच्या सुमारास लकव्याने तिचा उजवा हात गेला. परवा पाहतो तर रिपोर्टवर सीआरपीच्या आकड्याला निळ्या पेनाने गोल केलेला, आणि ॲस्पिरिनची नि कोलेस्टेरॉलची पाकिटं तशीच पडलेली. आतेभाऊ म्हणतो, "रिपोर्ट नॉर्मल आला, मंग गोळ्या कायले खाच्या?"

म्हणून आधी तेच घेतो. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठेही सूज किंवा जंतुसंसर्ग झाला की ते वाढतं: निमोनिया, लघवीचा संसर्ग, चिघळलेली जखम, काहीही. मेंदूकडे जाणाऱ्या नसेत चरबीचा थर किती, हे त्यातून कळत नाही. बीपीही कळत नाही, आणि रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खराब करण्यात बीपीचा वाटा फार मोठा. ॲस्पिरिन देतात ते गुठळी होऊ नये म्हणून, सीआरपी उतरवायला नाही. उलट कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी सीआरपीसुद्धा उतरवते. म्हणजे आत्याचा रिपोर्ट चांगला येण्यात त्या गोळीचाच हात असू शकतो, आणि तोच रिपोर्ट दाखवून तिची गोळी बंद केली! संताप होतो तो याचा.

अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. लकव्यानंतर ज्यांची सीआरपी चढलेली राहते त्यांना दुसरा झटका येण्याचं प्रमाण जास्त दिसलंय. म्हणूनच चीनमध्ये सौम्य लकवा किंवा तात्पुरता झटका आलेल्या, सीआरपी वाढलेल्या ८,३४३ रुग्णांवर सूज उतरवणारं कोल्चिसिन तपासलं. निकाल २०२४ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९० दिवसांत पुन्हा लकवा झाला तो औषधवाल्यांत ६.३ टक्क्यांना, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ६.५ टक्क्यांना. फरक पडलाच नाही. तिथे काढ्याच्या भरवशावर कोण बसणार? जवसाची चटणी भाकरीसोबत खुशाल खा, गोळीच्या बदल्यात नको.

बोटं टोचण्यावर फार लिहीत नाही. गुठळी मेंदूत असते, बोटात नाही. ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी सिटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना हे बघतात. आपल्याकडे त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. गडचिरोलीच्या ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास झाला, त्यात लकवा हेच पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, की सुई शोधू नका, १०८ लावा.

आत्याच्या गोळ्या काल डॉक्टरांना विचारून परत सुरू केल्या. मेसेज वाचून कोणी बंद केल्या असतील तर आजच डॉक्टरांना विचारा, आणि उपकेंद्रात जाऊन बीपी मोजून घ्या.