बेल्जियमने भाषेचा वाद सोडला? कधी?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'बेल्जियमसारखा चिमुकला देश जर्मनी-फ्रान्सच्या मागून गेला, भाषेचा वाद गुंडाळला आणि सीमाच पुसून टाकली. सीमाप्रश्नवाल्यांनी धडा घ्यावा.' धडा जरूर घ्यावा, पण आधी माहिती तरी धड हवी.

'मागून गेला' हे उलटे आहे. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी आपसातल्या जकात संघाचा, म्हणजे एकमेकांच्या मालावरची जकात काढण्याचा, करार सप्टेंबर १९४४ मध्ये, महायुद्धात त्यांची सरकारे लंडनच्या आश्रयाला असतानाच केला. तो १९४८ला लागू झाला. युरोपची सामायिक बाजारपेठ उभारणारा सहा देशांचा रोम करार त्यानंतरचा, १९५७चा. त्याचा पाया घालणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते बेल्जियमचे परराष्ट्रमंत्री पॉल-हेन्री स्पाक. त्या कराराने मंत्रिपरिषदेत केलेली मतांची वाटणीही बघा: पश्चिम जर्मनीला ४, बेल्जियमला २. लोकसंख्या सहापट, मते फक्त दुप्पट!

भाषेचा वाद गुंडाळला, ही तर शुद्ध थाप. देशांमधली जकात उतरत होती त्याच काळात, १९६२-६३ला, बेल्जियमने देशाच्या आत डच आणि फ्रेंच मुलखांची सीमा कायद्याने आखली. तीत फूरेनची सहा गावे फ्रेंच भाषक लिएज प्रांतातून काढून डच भाषक लिंबर्गमध्ये टाकली. फ्रेंच बोलणाऱ्यांना हे मान्य नव्हते. पुढे तिथले महापौर जोझे हापार डच भाषेची परीक्षा देईनात, त्यांची नेमणूक रद्द झाली आणि हे प्रकरण चिघळून १९८७ला केंद्रातले सरकारच पडले. युरोपातल्या देशांमधले पासपोर्टचे नाके उठवणाऱ्या शेंगेन करारावर सही होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. आपल्याकडे हे कुणाला वेगळे समजावून सांगायला नको.

ब्रुसेल्सच्या कडेच्या सहा डच पालिकांत फ्रेंच भाषकांना त्यांच्या भाषेत कागद मिळण्याची सोय आहे. पण फ्लेमिश, म्हणजे डच भाषक प्रदेशाच्या, सरकारने १९९७च्या परिपत्रकात सांगितले की फ्रेंच कागद हवा तर दर वेळी नव्याने मागा. एकदा मागून भागणार नाही, असा त्याचा अर्थ. त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या.

आता 'सीमा पुसली'. शेंगेनची सही १९८५ची, अंमल १९९५चा. बाहेरच्या सीमेवरची तपासणी, व्हिसाचे नियम आणि पोलिसांची सामायिक संगणक नोंद जमेपर्यंत दहा वर्षे गेली. उठले ते पासपोर्टचे नाके. शाळा, कचेरी, कोर्टाची भाषा जिथल्या तिथे राहिली. आपल्याकडेही जीएसटीने १ जुलै २०१७ पासून राज्यांच्या हद्दीवरचे विक्रीकराचे नाके गेले. महाराष्ट्रातल्या शिनोळीचा माल बेळगावात सरळ येतो, जमिनीचा उतारा मात्र कन्नडमध्येच निघतो.

एक गोष्ट मेसेजवाल्यांना ठाऊकच नसावी. २०१६ला युरोप-कॅनडा व्यापार करार सुमारे ३६ लाख वस्तीच्या वालोनिया या फ्रेंच भाषक प्रदेशाने अडवून धरला. बेल्जियमच्या राज्यघटनेनुसार अशा करारात प्रदेशांचीही संमती लागते, म्हणून केंद्राला सही करता येईना. २७ ऑक्टोबरला ठरलेली सही ३०ला झाली, तीही वालोनियाला हवे ते खुलासे लेखी जोडल्यावर.