आफ्रिकेच्या नकाशावरची ती पट्टी

आफ्रिकेचा नकाशा, त्यावर लाल रंगात ठळक केलेल्या सरळ रेषा आणि खाली मजकूर: ‘१८८४ साली बर्लिनमध्ये युरोपीय देशांनी टेबलावर नकाशा पसरला, पट्टी ठेवली आणि आफ्रिका कापून वाटून घेतली. नद्या-डोंगरांच्या नैसर्गिक सीमा डावलल्या, राष्ट्रं तोडली. म्हणून तिथं आजही युद्धं पेटलेली आहेत.’ हा मेसेज अधूनमधून फिरून येतोच. त्यातला संताप रास्त आहे. त्या परिषदेला १४ सत्ता हजर होत्या आणि आफ्रिकी राज्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता. पण तपशिलाचं काय?

‘बर्लिनमध्ये पट्टी ठेवली.’ नाही ठेवली. नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ चाललेल्या त्या परिषदेच्या करारात काँगो खोऱ्यातला व्यापार, काँगो आणि नायजर नद्यांतली जहाज वाहतूक आणि किनाऱ्यावर नवा ताबा सांगणाऱ्यानं इतरांना कळवायचं, असे विषय आहेत. खंडाची वाटणी त्यात नाही. रेषा पडल्या त्या पुढं, दोन-दोन देशांच्या वेगळ्या करारांतून: ब्रिटन-जर्मनी १८८६ आणि १८९०, ब्रिटन-पोर्तुगाल १८९१, ब्रिटन-फ्रान्स १८९८. (व्हिक्टोरिया राणीनं नातवाला किलिमांजारो भेट दिला म्हणून केनियाची रेषा तिथं वळते, हीही अशीच लोणकढी. ती रेषा १८८६ ची. नातू विल्हेल्म जर्मनीच्या गादीवर आला १८८८ मध्ये.)

‘नैसर्गिक सीमा डावलल्या.’ माझा खरा आक्षेप इथं आहे. नदी निसर्गाची, हे मान्य. पण तिला सीमा माणूस ठरवतो आणि ठरवताना हजार प्रश्न उरतात. काठ की मध्य? पाणी खोल तो प्रवाह की रुंद तो? बोत्स्वाना आणि नामिबिया यांच्यामध्ये चोबे नदी आहे. ब्रिटन-जर्मनीच्या त्या १८९० च्या करारात लिहिलं होतं, सीमा ‘मुख्य प्रवाहाच्या मध्यातून’. पण नदीत एक बेट आहे, जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचं, वर्षातले काही महिने पुराच्या पाण्याखाली जाणारं. त्याच्या दोन्ही अंगांनी प्रवाह वाहतो. मुख्य कुठला? नामिबिया म्हणे दक्षिणेकडचा, बोत्स्वाना म्हणे उत्तरेकडचा. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं खोली, रुंदी, पाण्याचा ओघ असं सगळं तपासलं आणि १९९९ मध्ये उत्तरेकडचा प्रवाह मुख्य ठरवला. बेट बोत्स्वानाला गेलं. त्याच दोन देशांमधली पुढची सीमा वाळवंटात अक्षांश-रेखांशांवरून सरळ जाते.

अमेरिका-कॅनडाचंही तसंच. ४९ व्या अक्षांशाची रेषा गवताळ मैदानं आणि पर्वत कापत शांतपणे जाते. १८५९ मध्ये एका डुकराला गोळी घातल्यावरून ब्रिटन आणि अमेरिकेचं सैन्य समोरासमोर आलं, ते समुद्रातल्या एका बेटावर, जिथं करारानं सीमा खाडीच्या ‘मधल्या प्रवाहातून’ नेली होती आणि प्रवाह एकाहून जास्त निघाले!

आणि नदी माणसांना तोडत नाही हे कुणी सांगितलं? काँगोच्या एका काठावर किन्शासा, समोर ब्राझाव्हिल. दोन देशांच्या दोन राजधान्या आणि दोन्हीकडं कोंगो भाषिक. सेनेगल नदीच्या दोन्ही काठांवर शेतकरी आणि गुराखी पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करत. १९८९ मध्ये चराई-शेतीच्या भांडणातून मॉरिटानिया आणि सेनेगलमध्ये दंगली उसळल्या आणि हजारो माणसं देशाबाहेर हाकलली गेली. तिथं पट्टी कुणी ठेवली नव्हती.

‘राष्ट्रं तोडली.’ इथं आपली मराठीही घोळ घालते. ‘राष्ट्र’ आपण देशालाही म्हणतो आणि ‘आपण एक’ असं मानणाऱ्या लोकसमूहालाही. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य असतात ते खरं तर सरकार, हद्द आणि सार्वभौम सत्ता असलेले देश. राष्ट्र आणि देश तंतोतंत जुळले की शांतता, हा मेसेजचा गृहीत धरलेला हिशोब. मग सोमालिया पाहा: बहुसंख्य लोक एका भाषेचे, एका धर्माचे. तरी १९९१ मध्ये तिथली सत्ता कोसळली. रवांडाची आणि बुरुंडीची हद्द बरीचशी जुन्या राजवटींवर बेतलेली, तरी १९९४ चा नरसंहार रवांडात झाला. उलट त्स्वाना लोक बोत्स्वानात जितके, त्याहून जास्त पलीकडे दक्षिण आफ्रिकेत राहतात आणि बोत्स्वाना शांत आहे. मसाई, सोमाली, एवे या लोकसमूहांची फाटाफूट झाली हे खरंच. सोमालींचं दुखणं तर इतकं खोल की त्यांच्या झेंड्यावरच्या ताऱ्याची पाच टोकं म्हणजे विखुरलेले पाच सोमाली प्रदेश. पण ते जोडायला सोमालियानं १९७७ मध्ये इथिओपियावर स्वारी केली. म्हणजे युद्ध ‘राष्ट्र जुळवण्या’साठीही झालं.

शेवटचा मुद्दा, मेसेजमागे गृहीत धरलेला: या रेषा केवळ परक्यांच्या, आफ्रिकी माणसाला नकोशा. तसंही नाही. १९६४ मध्ये कैरोत आफ्रिकी एकता संघटनेनं स्वातंत्र्याच्या वेळच्या सीमा पाळायचं ठरवलं; मोरोक्को आणि सोमालिया तेवढे अडून राहिले. इरिट्रिया १९९३ मध्ये वेगळा झाला तो जुन्या इटालियन वसाहतीच्या हद्दीसह. सोमालियापासून वेगळं झाल्याचं जाहीर केलेला सोमालीलँड आपली हद्द सांगतो ती ब्रिटिश संरक्षित प्रदेशाची. आणि २०११ मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र होताना सीमा कोणती धरली? १ जानेवारी १९५६ ची, म्हणजे सुदान स्वतंत्र झाला त्या दिवशी प्रांतांमध्ये होती ती.