हरलेल्या कुत्र्याचे पुढे काय होते? : व्हिपेट-शर्यतींवरील एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात व्हिपेट या, ग्रेहाऊंडसारख्याच पण लहान चणीच्या वेगवान कुत्र्यांच्या शर्यती होतात; त्यांवर मी लिहिलेल्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपल्या घरी वडिलोपार्जित कारवानी, म्हणजे सडपातळ देशी शिकारी जातीची, कुत्री आहेत आणि जत्रेतल्या कुत्र्यांच्या शर्यती आपण जवळून पाहिल्या आहेत, त्यामुळे आपला राग ऐकीव माहितीवर उभा नाही, हे उघड आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : जगभर ग्रेहाऊंडच्या शर्यती बंद पडत असताना मी त्याच क्रौर्याला खाणकामगारांच्या परंपरेचा मुलामा दिला, निव्वळ वेगासाठी प्राण्याची पैदास करणे हाच मुळात अन्याय आहे, आणि लर्चरसारख्या मिश्र रक्ताच्या कुत्र्याचे कौतुक करून मी जातिवंत कुत्री टिकवण्यासाठी झटणाऱ्यांचा अवमान केला. या आक्षेपांना उत्तर देताना मी एकच कसोटी लावणार आहे. जे कुत्रे हरते, हळू पळते किंवा लंगडू लागते, त्याचे पुढे काय होते, यावरून शर्यतीची परीक्षा व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

या कसोटीवर व्यावसायिक ग्रेहाऊंड-शर्यती नापास होतात, याविषयी आपल्यात मतभेद नाही. १९२६ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर यांत्रिक सशामागे ग्रेहाऊंड धावू लागले आणि तेव्हापासून ब्रिटनमध्ये हा खेळ तिकीट, सट्टा आणि अंडाकृती मैदान यांच्या आधारावर वाढला. याच डरहॅममधल्या सीहॅम गावी शर्यतीतून बाद झालेले ग्रेहाऊंड पैसे घेऊन मारले जातात आणि तिथेच पुरले जातात, हे २००६ मध्ये एका वृत्तपत्राने उघडकीस आणले, आणि पंधरा वर्षांत असा अंत झालेल्या कुत्र्यांची संख्या दहा हजारांच्या पुढे असल्याचे त्या बातमीत म्हटले होते. तिथल्या ग्रेहाऊंड मंडळाने स्वतः प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीतही २०१८ या एका वर्षात १७५ कुत्री ‘आर्थिक कारणास्तव’ मारल्याची नोंद आहे. पुढे हा आकडा एकेरी झाला, पण तो लोकांचा दबाव आल्यावर झाला. फ्लॉरिडाच्या मतदारांनी २०१८ मध्ये या शर्यतींविरुद्ध कौल दिला, न्यूझीलंडने २०२४ च्या डिसेंबरमध्ये आणि वेल्सने २०२५ च्या फेब्रुवारीत बंदीचा निर्णय जाहीर केला. या तिन्ही निर्णयांचे मी स्वागत करतो.

मात्र ग्रेहाऊंड जायबंदी होतात ते नेमके कशामुळे, हे पाहिल्याशिवाय तोच निष्कर्ष व्हिपेटला लावता येणार नाही. मैदानावर ही कुत्री घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे सतत डावीकडे वळत धावतात. ताशी साठ किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने वळण घेताना शरीराचा भार बाहेरच्या बाजूला, मागच्या उजव्या पायाच्या घोट्यावर येतो, आणि त्या घोट्याच्या मधोमध असलेले छोटे हाड शर्यतीमागून शर्यत असा ताण सोसत अखेर मोडते. हा अस्थिभंग जवळजवळ नेहमी उजव्याच पायाला होतो, हे पशुशल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. दोष त्या आखलेल्या वळणात आहे, आणि ते वळण आखले गेले ते बसल्या जागेवरून प्रेक्षकाला सगळी शर्यत दिसावी व तिच्यावर पैसे लावता यावेत म्हणून.

व्हिपेटचा उगम उत्तर इंग्लंडच्या कोळसा-खाणींच्या आणि कापडगिरण्यांच्या वस्त्यांत झाला. तिथे हे कुत्रे सरळ रेषेत, साधारण दोनशे यार्ड पळत असे. मालक पलीकडच्या टोकाला उभा राहून फडके फडकावत हाका मारी, आणि अलीकडे एक जण कुत्र्याला मानेच्या कातड्याला व शेपटीच्या मुळाशी धरून, इशारा होताच पुढे झेपावून देई. हलक्या कुत्र्याला वजनाच्या हिशेबाने पुढून सुटण्याची सवलत मिळे. त्या काळाला मी आदर्श मानत नाही. तेव्हाही पैजा लागत, आणि कोंडलेल्या जागेत जिवंत ससे सोडून ते कोणते कुत्रे आधी पकडते, हे पाहण्याचा निर्घृण प्रकारही याच वस्त्यांत चाले. मी त्या परंपरेतून एकच गोष्ट मोलाची मानतो, आणि ती म्हणजे कुत्रे दोन खोल्यांच्या घरात माणसांबरोबर राहत असे. शंभर कुत्र्यांचा कोंडवाडा बांधण्याइतकी जागा आणि पैसा त्या माणसांपाशी नव्हता.

आजच्या हौशी क्लबांत ही घरातली वस्ती टिकून आहे, म्हणून मी त्यांची बाजू घेतो. रविवारी सकाळी एखाद्या गावाच्या क्रीडांगणावर सरळ पट्टी आखतात, एका टोकाला दारे एकदम उघडणारा पेटारा ठेवतात आणि दुसऱ्या टोकाला मोटरवर दोरी गुंडाळण्याची सोय करतात. दोरीच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा झुबका असतो आणि त्यालाच ससा समजायचे. प्रत्येक कुत्र्याला मुसके घातलेले असते, कारण झुबका थांबला की सगळी त्याच्यावर तुटून पडतात. वजन आणि आधीची कामगिरी पाहून जोड्या लावतात, त्यामुळे मंद कुत्रे मंद कुत्र्यांबरोबर पळते. मी पाहिलेली एक म्हातारी मादी अर्ध्या वाटेत थांबून गवत हुंगू लागली. शेवटच्या रेषेपाशी उभी असलेली शाळकरी मुलगी गुडघ्यांवर बसून तिला हाका मारत राहिली आणि बाकीची कुत्री गळ्यात दोरी घालून निघून गेली तरी पंचांनी पट्टी मोकळी करण्याची घाई केली नाही. ती मादी चालत आली, मुलीने तिच्या अंगावर लोकरी झूल चढवली आणि दोघी गाडीकडे गेल्या. जिंकली असती तरी एका फितीपलीकडे तिच्या मालकांना काही मिळणार नव्हते.

आता आपल्या दुसऱ्या आक्षेपाकडे वळतो, कारण तो सर्वांत वजनदार आहे. वेगासाठी पैदास करताना माणूस कुठवर जातो, याचे उदाहरण व्हिपेटमध्येच आहे आणि ते झाकण्याची माझी इच्छा नाही. मायोस्टॅटिन हे प्रथिन स्नायूंच्या वाढीला लगाम घालते. २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले की शर्यतीच्या काही व्हिपेटमध्ये या प्रथिनाच्या जनुकातील दोन अक्षरे गळालेली असतात. असे सदोष जनुक एकाच पालकाकडून आले तर कुत्रे अधिक पिळदार होते आणि वरच्या श्रेणीत पळते. दोन्ही पालकांकडून आले तर मान, खांदे आणि मांड्या इतक्या फुगतात की ते व्हिपेट आहे हे ओळखूही येत नाही, त्याला पेटके येऊ शकतात आणि शर्यतीच्या दृष्टीने ते निरुपयोगी ठरते. अशा कुत्र्याला तिकडे ‘बुली’ म्हणतात. वेगवान नराला वेगवान मादी दाखवायची, हा पैदासकाराचा साधा नियम; परंतु दोघांतही हे जनुक असेल तर सरासरीने चारांतील एक पिल्लू बुली निघते. अशी पिल्ले ओळखू येताच मारून टाकणारे पैदासकार होते, आणि या कृत्याचे समर्थन मी कोणत्याही परिस्थितीत करणार नाही.

पण याच संशोधनाने सुटकेचा मार्गही दिला. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतला की जनुक आहे की नाही, ते कळते. वाहक कुत्र्याचा संबंध निर्दोष कुत्र्याशी आला तर बुली पिल्लू जन्मतच नाही. चाचणी उपलब्ध असताना दोन वाहकांचा संबंध घडवून आणणाऱ्या माणसाला माझ्या मते कोणत्याही क्लबने दारात उभे करू नये. आणि तरीही असे पिल्लू जन्मले तर त्याला घर मिळवून देणे हे ते वेत घडवणाऱ्याचेच काम आहे.

माझ्या ओळखीचे एक वृद्ध पैदासकार, आयुष्यभर खाणीत काम केलेले गृहस्थ, मादी माजावर येण्याच्या कितीतरी आधी पिल्ले घेऊ इच्छिणाऱ्या घरांची यादी करतात. साधारण सहा पिल्ले गृहीत धरायची, आणि तितकी घरे हाताशी नसतील तर ते वर्ष सोडून द्यायचे. पिल्ले स्वयंपाकघरात, येण्याजाण्याच्या वाटेवर वाढतात. आठ आठवड्यांच्या पिल्लाकडे पाहून ते पुढे किती वेगाने धावेल हे मला आजही सांगता येत नाही, असे ते स्वच्छ सांगतात, आणि म्हणूनच पिल्लू नेणाऱ्याकडून लिहून घेतात की नकोसे झाले तर ते कोणत्याही वयात त्यांच्याकडेच परत आले पाहिजे. वर्षाचे होईपर्यंत कुत्र्याला शर्यतीत उतरवायचे नाही, कारण लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा तोवर पक्क्या झालेल्या नसतात. कुत्र्यांच्या जातींची नोंदणी करणाऱ्या तिथल्या केनेल क्लबनेही २०१२ पासून एका मादीच्या चारपेक्षा अधिक वेतांची नोंदणी थांबवली आहे. ही शिस्त सगळेच पाळतात, असा माझा दावा नाही. ती पाळून वेगवान कुत्री पैदा करता येतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

लर्चरच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. ग्रेहाऊंड किंवा व्हिपेट यांसारख्या नजरेने शिकार हेरणाऱ्या कुत्र्याचा कोली किंवा बेडलिंग्टन टेरियर यांसारख्या कामकरी कुत्र्याशी संकर करून लर्चर तयार होते. त्याला केनेल क्लबची मान्यता नाही आणि ती मागण्याची त्याच्या मालकांना गरजही वाटत नाही. व्हिपेटचा वेग आणि कोलीचे ऐकणे एका अंगात उतरावे, एवढाच त्यामागचा हेतू असतो. व्हिपेटला १८९१ मध्ये मान्यता मिळण्यापूर्वी खाणकामगारांनी तेही असेच, कामाकडे पाहून, रक्त मिसळत घडवले होते. जात टिकवणे आणि कामासाठी संकर करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि एकाने दुसऱ्याचा अवमान होत नाही.

मात्र लर्चरवर माझी कसोटी लावली तर उत्तर क्लेशदायक येते, आणि मूळ लेखात मी ते पुरेशा जोराने मांडले होते. २००४ च्या शिकारबंदी कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकरवी रानसशाचा पाठलाग करणे गुन्हा ठरवले, २०२२ च्या कायद्याने शिक्षा आणखी कडक केली, तरी पिके निघाल्यावर मोकळ्या शेतांत चोरून ही शिकार होते आणि तिच्यावर पैसा लागतो. त्यासाठी वापरलेली लर्चर हंगाम संपल्यावर रस्त्यावर सोडली जातात. काटेरी तारेने फाटलेले पातळ कातडे आणि न सांधलेले पाय घेऊन ती प्राणी-निवाऱ्यांत पोहोचतात. व्हिपेट क्लबांचा मी जितका पुरस्कार करतो, तितकाच या लोकांचा धिक्कार करतो.

येथे एक व्यवहाराची सूचना करतो, कारण आपल्या प्रतिक्रियेत औषधोपचारांचा उल्लेख होता. कोलीचे रक्त असलेल्या लर्चरमध्ये आणि लांब केसांच्या व्हिपेटमध्ये असा एक जनुकदोष आढळतो की आयव्हरमेक्टिन हे जंत व परजीवींवरचे औषध मोठ्या मात्रेत दिल्यास ते मेंदूपर्यंत पोहोचून जिवावर बेतू शकते. कारवानी कुत्र्यांना ही भीती घालण्याचे कारण नाही, पण भुलीच्या बाबतीत सावध राहावे. थायोपेंटोनची भूल ग्रेहाऊंडच्या शरीरातून फार हळू उतरते, आणि अंगावर चरबी नसलेला तोच बांधा आपल्या कुत्र्यांचाही आहे. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे.

आपल्याकडच्या जत्रांविषयी आपण लिहिले आहे की तरुण मुले उधारीवर ग्रेहाऊंड आणतात आणि दोन-तीन मैदाने हरला की त्याला दूरच्या माळावर सोडून येतात. हे घडत असेल तर सीहॅममध्ये जे घडले त्याचेच हे रूप आहे, आणि माझ्या लेखाचा आधार घेऊन कोणी याचे समर्थन करणार असेल, तर तो आधार मी येथे काढून घेतो. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मान्य केलेली सूट राज्याच्या दुरुस्ती कायद्यापुरती, म्हणजे बैलांपुरती आहे. कुत्र्यांना ती लागू होत नाही, आणि पुढे जिवंत ससा सोडला तर वन्यजीव संरक्षण कायद्याचाही भंग होतो. जत्रा कमिटीला आपण हे लेखी कळवावे, असे मी सुचवतो. पत्राचा मसुदा करून देण्यास मी तयार आहे.

शेवटी आपण विचारले आहे की आपल्या पुतण्याला व्हिपेटची जोडी मिळवून देण्यास मी मदत करीन का. माझे उत्तर नकारार्थी आहे. पैदाशीच्या व्यापारासाठी परदेशी कुत्री आयात करण्यास २०१६ पासून मनाई आहे, आणि तशी मनाई नसती तरी मी हेच सांगितले असते. त्याने मुधोळजवळच्या तिम्मापूर येथील श्वान संशोधन केंद्रात जाऊन तिथली पिल्ले पाहावीत, किंवा त्याहून सोपे म्हणजे आपल्याच घरच्या पुढच्या वेतातले एक पिल्लू त्याला द्यावे, पण ते नकोसे झाल्यास आपल्याकडेच परत येईल, असे त्याच्याकडून आधी लिहून घ्यावे.