ट्रकचे ब्रेक अंगणात खोलायचे म्हणताय?

ट्रकमालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: गॅरेजवाले लुटतात, जॅक, पाने आणि यूट्यूब असेल तर लायनर (ब्रेकचं झिजणारं अस्तर), हब (चाकाचा मधला भाग), ॲक्सल सगळं घरीच करा. बिलाचा राग मला कळतो, मीही भरतो. पण मेसेजमधली कलमं एकेक करून बघू.

'हवा सोडली की ब्रेकमध्ये दम राहत नाही, बिनधास्त खोला.' साफ उलटं, आणि जीव जातो तो इथेच. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये, म्हणजे ब्रेक ढकलणाऱ्या हवेच्या डब्यात, पार्किंग ब्रेकची दणकट स्प्रिंग असते. हवा तिला दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंग ब्रेक लावते. म्हणून तर हवेची टाकी रिकामी झालेली गाडी जागची हलत नाही. ब्रेक लागल्यावरही त्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोचा जोर शिल्लक असतो. चेंबरचा पट्टा सैल केला तर झाकण थेट समोर बसलेल्याच्या तोंडावर येतं. केजिंग बोल्टने स्प्रिंग आधी बांधायची आणि तरीही स्प्रिंगच्या बाजूचा पट्टा उघडायचा नाही. चेंबर अख्खा बदलायचा.

'गिअरमध्ये टाकून ठेवा, गाडी हलणार नाही.' चाकाला फिरवणारा दांडा, म्हणजे ॲक्सल, ओढून काढेपर्यंत खरं. एका बाजूचा ॲक्सल बाहेर आला की डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा गोळा) मोकळं फिरतं, गिअर चाकांना धरत नाही. त्यात स्प्रिंगही बांधलेली, म्हणजे पार्किंग ब्रेक सुटलेला असला, तर उतारावरची गाडी फक्त चाकाखालच्या दगडांवर उभी आहे. ते तरी लावलेत ना?

जॅकचं थोडक्यात सांगतो. मातीच्या अंगणात जॅक रुततो, कलतो. घोडी (लोखंडी स्टँड) न लावता हब ओढायला बसू नका.

'बेअरिंगचा नट कचकून आवळा.' हा सल्ला आम्ही एकदा मानलाय. काकांनी दारातच हब बसवला, नट पाइप लावून आवळला. कराडच्या अलीकडे मागून जळका वास आला. हबवर बाटलीतलं पाणी ओतलं तर चर्रकन वाफ झाली. ग्रीस वितळून सीलमधून लायनरवर गेलं होतं. म्हणजे बेअरिंग गेलं आणि त्या चाकाचा ब्रेकही. हब फिरवत नट आवळायचा, मग कंपनीच्या मापाने सैल करायचा आणि हबची हालचाल मोजायची असते. नुसत्या हाताच्या अंदाजाचं ते काम नाही.

'ज्या चाकाचा लायनर झिजला तेवढाच बदला.' मग गाडी ब्रेक मारताच एका अंगाला ओढणार. एका ॲक्सलचे दोन्हीकडचे बदलतात. आणि ड्रममधली (लायनर ज्यावर घासतो त्या भांड्यातली) भुकटी हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो.

'झालं की गल्लीत फेरी मारून बघा.' रिकामी गाडी गल्लीत थांबतेच. भरलेली गाडी खंबाटकीचा घाट उतरताना ड्रम तापतात, खरी परीक्षा तिथे होते.

घरी काय करावं? हवेच्या टाकीत साचलेलं पाणी काढा, हवेची गळती ऐका, व्हीलनट तपासा. साधा स्लॅक (लायनर झिजला की वाढलेली फट कमी करणारा आर्म) आवळणं तर बऱ्याच ड्रायव्हरांना येतं. आपोआप आवळला जाणारा ऑटो स्लॅक मात्र परत परत हाताने आवळावा लागत असेल, तर दोष दुसरीकडे आहे.

राहिली लुटीची गोष्ट. मी काम चालू असताना मिस्त्रीशेजारी स्टूल टाकून बसतो. जुने लायनर आणि सील परत मागतो. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, ड्रम त्यापेक्षा जास्त झिजलाय का ते माझ्यासमोर मोजायला लावतो. दोन वेळा मिस्त्री चिडला. तिसऱ्या वेळी त्यानेच मोजमाप आधी दाखवलं.